निवृत्त सेनापतीचा बंदोबस्त कुणाचा? जनरल वैद्य हत्येचा प्रकरण अभ्यास

१० ऑगस्ट १९८६, रविवार. पुण्याच्या कॅम्पातली खरेदी आटोपून जनरल अरुणकुमार वैद्य घरी परतत होते. दिल्ली पासिंगची मारुती ते स्वतः चालवत होते. शेजारी पत्नी भानुमती आणि मागच्या सीटवर एक अंगरक्षक. राजेंद्रसिंहजी रोडवरून वळण्यासाठी गाडी मंदावली, तेवढ्यात एक लाल इंड-सुझुकी मोटारसायकल चालकाच्या बाजूने येऊन गाडीला समांतर झाली. मागे बसलेल्याने खिडकीतून, हाताच्या अंतरावरून, जनरल वैद्यांच्या डोक्यावर गोळ्या झाडल्या. ते पत्नीच्या खांद्यावर कोसळले. चालकाविना झालेली गाडी एका सायकलस्वाराला धडकून क्वीन्स गार्डनमधल्या एका बंगल्याच्या कुंपणापाशी थांबली. भानुमतीबाईंनाही इजा झाली होती. अंगरक्षकाने रस्त्यावरून जाणारी मॅटाडोर अडवली आणि जनरलना कमांड हॉस्पिटलमध्ये नेलं, पण उपयोग झाला नाही. तेव्हा पावणेबाराचा सुमार होता.

लष्करप्रमुखपदावरून उतरून त्यांना जेमतेम सव्वासहा महिने झाले होते.

या हत्येवर राजकीय अंगाने भरपूर लिहिलं गेलं आहे. पण संरक्षणाच्या कामाच्या अंगाने, म्हणजे वरिष्ठ सेनाधिकाऱ्याला जिवंत ठेवणं ज्यांची नोकरी असते त्यांच्या नजरेने, मराठीत हे प्रकरण फारसं तपासलं गेलेलं नाही. ते तपासायला हवं, कारण हे पुण्यात घडलं. सदर्न कमांडचं मुख्यालय असलेल्या, निवृत्त अधिकाऱ्यांची मोठी वस्ती असलेल्या शहरात, एका माजी सरसेनापतीच्या नावाच्या रस्त्यावर.

माणूस कोण होता, धोका काय होता

वैद्यांचा जन्म २७ जानेवारी १९२६ चा, अलिबागचा. घोडदळाच्या परंपरेतले रणगाडा अधिकारी. १९६५ च्या युद्धात डेक्कन हॉर्सचे कमांडिंग ऑफिसर म्हणून खेमकरण भागात, असल उत्तरच्या लढाईत पाकिस्तानी पॅटन रणगाड्यांचा धुव्वा उडवल्याबद्दल महावीरचक्र. १९७१ मध्ये १६ व्या स्वतंत्र आर्मर्ड ब्रिगेडचं नेतृत्व करताना जफरवाल भागात, बसंतर नदीच्या परिसरात, सुरुंगक्षेत्रातून रणगाडे पार नेल्याबद्दल दुसऱ्यांदा महावीरचक्र. १९८३ मध्ये ते लष्करप्रमुख झाले. जून १९८४ मध्ये सुवर्णमंदिरात ऑपरेशन ब्लू स्टार झालं तेव्हा सैन्याची सर्वोच्च खुर्ची त्यांची होती. कारवाईचा निर्णय सरकारचा होता आणि तो अमलात आणणं हे त्यांचं कर्तव्य होतं. ३१ जानेवारी १९८६ ला ते निवृत्त झाले आणि पुण्यात स्थायिक झाले.

या दोन तारखांच्या मध्ये काय काय घडलं ते पाहा. ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिरा गांधींची हत्या, तीही त्यांच्या स्वतःच्या सुरक्षारक्षकांकडून. ३१ जुलै १९८५ ला दिल्लीत खासदार ललित माकन यांची पत्नीसह हत्या. २० ऑगस्ट १९८५ ला अकाली नेते संत हरचंदसिंग लोंगोवाल. ४ सप्टेंबर १९८५ ला दिल्लीतले काँग्रेस नेते अर्जन दास. ब्लू स्टारचा बदला घेणारे खलिस्तानवादी गट यादी करून, सावकाश, एकेक नाव गाठत होते हे १९८५ च्या शेवटापर्यंत पेपर वाचणाऱ्या कुणालाही दिसत होतं. त्या यादीत वैद्यांचं नाव असणार हे सांगायला गुप्तचराची गरज नव्हती. म्हणजे धोका अज्ञात होता, अचानक उद्भवला, असं इथे म्हणता येत नाही. धोका माहीत होता, माणूस माहीत होता, त्याचा पत्ताही सगळ्यांना माहीत होता.

पदावर असताना लष्करप्रमुखाभोवती काय असतं? एडीसी म्हणजे खास मदतनीस अधिकारी असतो, ड्रायव्हर असतो, निवासस्थानाला सैनिकांचा पहारा असतो, ताफ्याच्या पुढे मिलिटरी पोलिसांचे लाल टोपीतले पायलट असतात. आपल्या कोअर ऑफ मिलिटरी पोलिसचं मुख्य काम शिस्त, छावणीतली आणि रणक्षेत्रातली वाहतूक, युद्धकैद्यांची व्यवस्था, गुन्ह्यांची चौकशी हे. वरिष्ठांना एस्कॉर्ट देणं हे त्यातलं एक. पण तो सगळा डोलारा त्या खुर्चीचा असतो. निवृत्तीच्या संध्याकाळी सूत्रं नव्या प्रमुखाकडे जातात आणि त्यांच्याबरोबर पहारा, पायलट, ड्रायव्हर हे सगळंही जातं. दुसऱ्या दिवशी उरतो तो एक नागरिक. त्याचं रक्षण हा कायदा-सुव्यवस्थेचा, म्हणजे राज्य पोलिसांचा आणि गृहखात्याचा विषय होतो.

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथे आहे. सुरक्षा पदाला जोडलेली होती आणि धोका माणसाला. ३१ जानेवारीला दोघांची फारकत झाली.

त्या वळणावर काय काय चुकलेलं होतं

अंगरक्षकाच्या कामात एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवली जाते. हल्ला करणाऱ्याला जागा, वेळ आणि क्षण निवडता येतो, रक्षकाला त्यातलं काहीच निवडता येत नाही. पिस्तूल उगारल्यापासून गोळी सुटेपर्यंत जो वेळ जातो, त्यात मागच्या सीटवरचा माणूस धोका ओळखून, हत्यार काढून, नेम धरून, तोही गाडीतल्या दोन माणसांना चुकवून, काही करू शकत नाही. तो कितीही तयार असला तरी नाही. म्हणून खरं संरक्षण गोळी सुटायच्या आधीच्या दिवसांत होतं.

हे लक्षात ठेवून ती मारुती पुन्हा पाहू. जनरल स्वतः चालवत होते. आपल्याकडे वाहनं रस्त्याच्या डाव्या बाजूने जातात, स्टीअरिंग उजवीकडे असतं आणि ओव्हरटेकही उजवीकडून होतं. म्हणजे ज्याचा जीव जपायचा तो माणूस गाडीतल्या सर्वांत उघड्या जागी होता. त्या बाजूने एखादी मोटारसायकल जवळ येणं ही इतकी रोजची गोष्ट की कुणालाही वावगं वाटू नये. शिवाय गाडी चालवणाऱ्याचे डोळे रस्त्यावर आणि हात स्टीअरिंगवर असतात, त्याला खाली वाकताही येत नाही. आणि त्याला गोळी लागली की गाडीही मरते, निसटून जाण्याचा एकमेव मार्ग बंद होतो. प्रशिक्षित चालक असता तर त्याने त्या क्षणी ॲक्सिलरेटर दाबला असता, निदान तसं करण्याची शक्यता तरी राहिली असती.

गाडी मारुती, पातळ पत्र्याची, साध्या काचेची. वर दिल्लीची नंबर प्लेट. १९८६ च्या पुण्यात मारुतीच मुळी नवलाईची होती, त्यातून दिल्ली पासिंग म्हणजे मागावर असणाऱ्याला लांबून ओळखू येणारी खूण. नंबर बदलून घेणं हे फार तर एका टेबलावरचं काम. पण असल्या बारीक गोष्टी कुणाच्या तरी कामाच्या यादीत असाव्या लागतात. धोक्याच्या नजरेने त्या माणसाचं रोजचं जगणं बघणारं कुणीच नेमलेलं नसेल, तर नंबर प्लेट नुसतीच नंबर प्लेट राहते.

मग ते वळण. नेहमीच्या रस्त्यावरची अशी जागा, जिथे गाडीला वेग कमी करावाच लागतो, ती संरक्षणाचं काम करणारे आधी शोधून ठेवतात. तिथे आधी जाऊन नजर टाकतात, किंवा मागे दुसरी गाडी ठेवतात. घराच्या जवळची शेवटची वळणं सर्वांत वाईट, कारण रस्ता कितीही बदलला तरी शेवटची दोन-तीनशे पावलं बदलता येत नाहीत. हल्लेखोरांनी नेमकी तीच जागा घेतली. मागे दुसरी गाडी असती तर समांतर येणारी मोटारसायकल तिच्या पुढून आली असती. ती अडवता आली असती की नाही हे कुणी सांगू शकत नाही, पण ती दिसली असती. आणि कोणीतरी पाहतंय हे कळलं की असे हल्लेखोर पुष्कळदा तो दिवस सोडून देतात.

इथे मागच्या सीटवरच्या त्या माणसाबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहायची आहे. अशा घटनेनंतर ‘अंगरक्षक काय करत होता’ हा प्रश्न सर्वांत आधी येतो आणि तो अन्यायाचा असतो. एकट्या माणसाला मागच्या सीटवर बसवून आपण त्याला संरक्षणाचं काम दिलं नव्हतं, साक्षीदार होण्याचं दिलं होतं. गोळीबारानंतर हाताशी जे होतं ते त्याने केलं. वाहन थांबवलं आणि इस्पितळ गाठलं.

हायडेलबर्ग, पाच वर्षं आधी

हे सगळं नंतर सुचलेलं शहाणपण आहे असं कुणी म्हणेल. तसं नाही. वैद्यांच्या आधी पाच वर्षं, १५ सप्टेंबर १९८१ च्या सकाळी पश्चिम जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये जनरल फ्रेडरिक क्रोसेन यांच्या गाडीवर हल्ला झाला. ते युरोपातल्या अमेरिकन भूदलाचे प्रमुख. गाडी शहरातल्या कार्ल्सटोर या जुन्या वेशीजवळ सिग्नलला थांबली असताना रेड आर्मी फॅक्शन या अतिडाव्या दहशतवादी गटाच्या लोकांनी समोरच्या झाडीच्या डोंगरउतारावरून आरपीजी-७, म्हणजे खांद्यावरून सोडायचं रणगाडाविरोधी रॉकेट, डागलं. रॉकेट गाडीच्या मागच्या भागावर आदळलं. जनरल आणि त्यांच्या पत्नी किरकोळ जखमा होऊन वाचले.

का वाचले? पाळत ठेवली जात असल्याच्या खुणा जर्मन पोलिसांना आधी मिळाल्या होत्या. त्यांनी क्रोसेन यांना चिलखती मर्सिडीज घ्यायला लावली होती आणि ती चालवायला जर्मन पोलिस दिला होता. गाडी थांबली तिथेच, सिग्नलला. हल्लाही तिथेच झाला. दोन्हीकडे सारखीच कोंडीची जागा. फरक फक्त हल्ल्याच्या आधी झालेल्या कामाचा होता. आधी माहिती, मग गाडी, मग चालक. आणि हे आरपीजी होतं, पुण्यात तर पिस्तूल होतं.

त्याआधी, २५ जून १९७९ ला, बेल्जियममध्ये माँसजवळ नाटोचे सरसेनापती अलेक्झांडर हेग यांच्या ताफ्याखाली रस्त्यात पेरलेला स्फोट झाला होता. तो क्षणभर उशिरा, त्यांच्या गाडीच्या मागे झाला. हेग सुखरूप राहिले आणि मागच्या गाडीतले तीन रक्षक जखमी झाले. तेव्हा त्यांच्या पदाचे शेवटचे काही दिवस उरले होते. आणखी एक उदाहरण इटलीचं. १७ डिसेंबर १९८१ ला वेरोनामध्ये ब्रिगेडियर जनरल जेम्स डोझियर यांना रेड ब्रिगेड्स या तिथल्या अतिडाव्या गटाच्या लोकांनी प्लंबर बनून येऊन घरातूनच पळवलं. ४२ दिवसांनी, २८ जानेवारी १९८२ ला, इटालियन पोलिसांच्या खास तुकडीने पादुआतल्या एका फ्लॅटमधून त्यांची सुटका केली. वरच्या सेनानींचा बंदोबस्त कडक झाला की हल्लेखोर एक पायरी खाली उतरतात, हे डोझियर प्रकरणाने दाखवलं. निवृत्ती ही तशीच एक पायरी आहे.

जगभरच्या सैन्यांनी अशा धोक्यांतून जे घेतलं त्यात मिलिटरी पोलिसांच्या खास संरक्षण तुकड्यांचा विचार महत्त्वाचा आहे. ब्रिटनमध्ये रॉयल मिलिटरी पोलिसांची क्लोज प्रोटेक्शन युनिट आहे. त्यांचं प्रशिक्षण हॅम्पशरमधल्या लाँगमूर छावणीत चालतं आणि धोक्याच्या देशांतल्या ब्रिटिश राजदूतांनाही या युनिटने सांभाळलं आहे. अमेरिकेत लष्कराच्या सीआयडीखाली, म्हणजे गुन्हे तपास शाखेखाली, प्रोटेक्टिव्ह सर्व्हिसेस बटालियन उभी राहिली. संरक्षणमंत्री, उपमंत्री, सेनादलांच्या संयुक्त समितीचे अध्यक्ष, लष्करप्रमुख आणि भेटीला आलेले परदेशी समकक्ष यांची जबाबदारी तिच्याकडे आली.

या तुकड्यांचं वैशिष्ट्य बंदुकीत नाही. आधी जाऊन जागा पाहणारा गट, धोक्याची माहिती चाळणारा गट, घराची पाहणी करणारा, चालक आणि शेजारी चालणारा, हे सगळे एकाच साखळीत, एकाच अधिकाऱ्याखाली असतात. तपासाचा अनुभव असलेले लोक त्यात असतात, कारण पाळत ओळखणं हे मुळात तपासाचंच काम. पुण्यात मारेकरी आधीच मुक्कामाला होते, मोटारसायकल त्यांच्या हाती होती, जनरलचा दिनक्रम त्यांनी पाहिला होता. हे दिवस रिकामे नव्हते. त्या दिवसांत ते कुणाला तरी दिसू शकले असते. पण बघणारं कुणी नव्हतं.

आणि निवृत्तीचं काय? अमेरिकेत २००८ मध्ये काँग्रेसने कायद्यातच तरतूद केली की गंभीर आणि विश्वासार्ह धोका असेल तर संरक्षणमंत्री माजी आणि निवृत्त अधिकाऱ्यांनाही ही सुरक्षा देऊ शकतात, ठरावीक मुदतीसाठी आणि आढावा घेऊन. संयुक्त समितीचे अध्यक्ष जनरल मार्क मिली यांना सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त झाल्यावरही संरक्षण चालू राहिलं, कारण जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेने इराणी सेनानी कासिम सुलेमानी यांना मारल्यानंतर इराणकडून असलेला धोका निवृत्तीने संपणारा नव्हता. मग जानेवारी २०२५ मध्ये नव्या संरक्षणमंत्र्यांनी, पीट हेगसेथ यांनी, ते काढून घेतलं. कायदा चांगला असला तरी निर्णय एकाच माणसाच्या सहीवर ठेवला की असं होतं. धोका कमी झाला का, हे ठरवणारा आणि राजकीय राग असणारा एकच असू नये. आपल्याकडे अशी तरतूद करायची झाली तर हा भाग मुळीच उचलू नये.

पुढे काय झालं

७ सप्टेंबर १९८६ ला, बरोबर चार आठवड्यांनी, पिंपरीत एका मोटारसायकलची ट्रकला धडक झाली आणि वैद्यांच्या मारेकऱ्यांपैकी सुखदेव सिंग सुखा एका साथीदारासह पकडला गेला. दुसरा मारेकरी हरजिंदर सिंग जिंदा पुढच्या वर्षी दिल्लीत सापडला. पुण्याच्या विशेष न्यायालयाने २१ ऑक्टोबर १९८९ ला दोघांना फाशी सुनावली, सर्वोच्च न्यायालयाने १५ जुलै १९९२ ला ती कायम केली आणि ९ ऑक्टोबर १९९२ ला येरवड्यात ती अमलात आली. दोघांनीही कृत्य लपवलं नव्हतं, ब्लू स्टारचा बदला म्हणून केलं असं ते न्यायालयात सांगत राहिले. वैद्यांना १९८७ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

तपास झाला, शिक्षा झाली. पण गुन्हेगार पकडणं आणि माणूस वाचवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पहिलं नीट झालं म्हणून दुसऱ्याचा हिशेब मिटत नाही. हा हिशेब खरंच मिटला नव्हता, हे २६ वर्षांनी लंडनमध्ये दिसलं.

ब्लू स्टारची प्रत्यक्ष कारवाई करणारे लेफ्टनंट जनरल कुलदीपसिंग ब्रार निवृत्तीनंतर मुंबईत राहायला आले. त्यांना झेड प्लस सुरक्षा मिळाली. म्हणजे वैद्यांच्या वेळचा धडा घेतला गेला, याचं श्रेय दिलंच पाहिजे. मुंबईत इतकी वर्षं ते सुरक्षित राहिले. ३० सप्टेंबर २०१२ च्या रात्री, ७८ व्या वर्षी, ते पत्नीबरोबर लंडनमध्ये मार्बल आर्चजवळच्या रस्त्याने हॉटेलकडे पायी चालले होते. बरोबर रक्षक नव्हता. हल्लेखोरांनी त्यांना घेरून गळ्यावर सुऱ्याने वार केला. जुना सैनिक झुंजला आणि वाचला. पुढच्या वर्षी चौघांना शिक्षा झाली. भारतात भक्कम असलेला बंदोबस्त विमानतळावर संपत होता आणि हे ज्यांना कळायला हवं होतं त्यांच्याआधी हल्लेखोरांना कळलं.

ब्लू स्टारच्या लष्करी नेतृत्वात जनतेला ठाऊक असलेली नावं मुख्यतः चार. वैद्य, पश्चिम कमांडचे प्रमुख सुंदरजी, त्यांचे चीफ ऑफ स्टाफ रणजितसिंग दयाल आणि ब्रार. सुंदरजी आणि दयाल यांना नैसर्गिक मृत्यू आला. वैद्य आणि ब्रार या दोघांवर हल्ला झाला, आणि दोन्ही वेळा तो बंदोबस्ताच्या भिंतीवर झाला नाही, भिंतीतल्या फटीतून झाला. एकदा पदाची फट, एकदा देशाच्या सीमेची.

सगळ्या निवृत्त सेनानींना ताफे द्यायचे का, असा आक्षेप येतो. मुळीच नाही. बहुसंख्य निवृत्त अधिकाऱ्यांना कुणाकडून धोका नसतो आणि पोलिस मनुष्यबळ आधीच अपुरं आहे. मी म्हणतो ती यादी फार छोटी आहे, एका कागदावर मावेल इतकी. ज्यांच्या सहीने किंवा ज्यांच्या हुकमाने सरकारचा एखादा कडू निर्णय अमलात आला, त्यांची. अशा अधिकाऱ्याच्या निवृत्तीच्या किमान सहा महिने आधी लष्कराच्या गुप्तवार्ता शाखेने आणि मिलिटरी पोलिसांनी राज्य पोलिसांबरोबर बसून त्या माणसाचं नवं घर, नवी गाडी, नवा दिनक्रम तपासायला हवा. लष्कराला जे माहीत आहे ते पोलिसांच्या फाईलमध्ये गेलं पाहिजे, आणि दोन-तीन वर्षं तरी तो बंदोबस्त एकाच अधिकाऱ्याच्या जबाबदारीवर राहिला पाहिजे. परदेश दौरा असेल तर आपल्या दूतावासामार्फत तिथल्या पोलिसांना आधी कळलं पाहिजे. आणि त्या माणसाला, तो कितीही मानी असला तरी, स्टीअरिंगवर बसू देता कामा नये.

हे शेवटचं सर्वांत अवघड. आयुष्यभर रणगाड्यात पुढे उभं राहून लढलेल्या माणसाला मागच्या सीटवर बस म्हणून सांगणं सोपं नाही, आणि वैद्यांसारख्या दोनदा महावीरचक्र मिळवलेल्या सेनानीला ते सांगायला तशाच अधिकाराचा माणूस लागतो. म्हणून हे काम स्थानिक पोलिस ठाण्याच्या निरीक्षकावर सोडू नये. ते लष्कराच्याच वरिष्ठाने, निवृत्तीआधी, गणवेश अंगावर असतानाच करायचं असतं, कारण तेव्हा तो हुकूम म्हणून ऐकला जातो.